दारावरचा नंबर

सतरा अक्षरं वाचायला एक मिनिट लागतं. सोमवारी मी ते मिनिट वाचवलं, म्हणून मंगळवारी दुपारी शाळेच्या गणवेशातच जमिनीपासून पुरुषभर उंच अडकून बसले.

आमच्या गॅरेजात बाबांचा एक नियम आहे. कुठल्याही गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल मागवण्याआधी तिचा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर दोन जागी वाचायचा आणि वहीत एकाखाली एक लिहायचा. मॉडेल एक, रंग एक, तरी गिअरबॉक्स वेगळा असू शकतो, आणि एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की खेळ खलास. गेल्या महिन्यात मी हट्टालाच पेटले की नंबर आणि तेलं माझ्याकडे द्या. बाबा हो म्हणाले! तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हतेच. त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, हे मी बाबांच्या हाताखालच्या मिस्त्रीकाकांना दिवसातून दोनदा ऐकवायचे. ते मला मास्तरीणबाई म्हणायला लागले.

सोमवारी नर्सबाईंची गाडी आली. त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पट्ट्या बदलतात. "उद्या पाचला गाडी हवी म्हणजे हवी," असं बजावून गेल्या. मी ड्रायव्हरचं दार उघडलं. कडेच्या स्टिकरवर नंबर कसा स्वच्छ दिसत होता! उतरवला. दुसरा नंबर पुढच्या डाव्या सीटखाली, गालिचाची पट्टी उचलली की पत्र्यावर कोरलेला. पण तिथे नर्सबाईंच्या पिशव्या आणि हातमोज्यांची खोकी. कोण उपसणार? मी तोच नंबर खाली पुन्हा लिहिला. खरा वाटावा म्हणून दुसऱ्या पेनाने.

मंगळवारी तेल आलं. बाबा सामान आणायला गेले होते, तिथून त्यांचा फोन.

"नंबर दोन्हीकडे वाचलास ना गं?"

"हो हो, वहीत आहे की."

"वहीचं नाही विचारत. वाचलास ना?"

"हो-ओ, बाबा!"

फोन ठेवला. ठरवलं, गुपचूप बघून यावं. जुळला तर प्रश्नच मिटला.

गाडी उचलायच्या लिफ्टवर ती उभी होती, जुनं तेल काढून पुन्हा जमिनीलगत उतरवलेली. काका कॉम्प्रेसरपाशी, कानांत बोळे घालून. आमच्या लिफ्टचे खांब इतके जवळ की पुढची दारं चार बोटंच उघडतात. म्हणून मी मागच्या दाराने आत शिरले, ते हळूच ओढून घेतलं आणि पुढच्या सीटखाली डोकं घातलं. तेवढ्यात पोटात काहीतरी हललं. मला वाटलं, भीतीने. मान वर केली तर भिंतीवरचं कॅलेंडर खाली चाललं होतं. काकांनी बटण दाबून लिफ्ट वर घेतली होती.

"काकाऽऽ!"

कॉम्प्रेसर घरघरत होता. मागचं दार उघडेना, त्याला लहान मुलांसाठीचा तो खटका होता, आतून उघडतच नाही. दुसरीकडेही तेच. काचा बटणाच्या, आणि काका कामाआधी बॅटरीची तार काढतात. म्हणजे काचा नाहीत, हॉर्न नाही. फोन टेबलावर. ज्या गाडीचं मी सगळं ओळखते म्हणत होते, तिने मला बरणीतल्या लोणच्यासारखं बंद करून ठेवलं होतं.

करायला दुसरं काय होतं? पिशव्या बाजूला सारल्या, पट्टी उचलली, नंबर वाचला.

पहिली सात अक्षरं तीच. आठव्या जागी वहीत पाच, इथे सात. पुढे तर सगळंच वेगळं.

तेव्हा मला ते दार आठवलं. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकने नर्सबाईंचं दार चेपलं होतं, आणि बाबांनी भंगारातल्या त्याच रंगाच्या गाडीचं दार आणून बसवलं होतं. पॉलिश मीच केलं होतं! स्टिकर त्या मेलेल्या गाडीचा. मी तेल मागवलं होतं तेही तिचंच.

पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. काका हातपंपाने तेल भरत होते. भरून झालं की गाडी खाली येणार, इंजिन सुरू होणार. मी गप्प बसले असते तर हळूच उतरून गेलेही असते. वहीत दोन नंबर जुळलेले होते, कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि एक दिवस नर्सबाई कुठल्यातरी रस्त्यावर बंद गाडीत बसून राहिल्या असत्या, पट्टीची वाट बघणारं माणूस तिकडे, त्या इकडे.

मी हातमोज्यांचं खोकं फोडलं आणि पुढच्या दाराच्या फटीतून मूठ मूठ मोजे खाली सोडले. पांढऱ्या हातांचा नुसता पाऊस! एक काकांच्या डोक्यावर बसला. त्यांनी वर बघितलं, कॉम्प्रेसर बंद केला.

"मास्तरीणबाई? तिथे काय शाळा भरवलीय?"

"पंप थांबवा! तेल चुकीचं आहे!"

नेमके तेव्हाच बाबा आत आले. मी फटीला तोंड लावून सगळं सांगितलं. दुसऱ्या पेनाचंही. बाबांनी वही उघडून दोन्ही पेनांचे नंबर बघितले. काका गाडी खाली घ्यायला बटणाकडे निघाले.

"थांबा," बाबा म्हणाले. "इंजिन सुरू नाही झालं ना? मग आत गेलेलं आधी काढा. गाडी वरच राहू दे."

"आणि मी?"

"तू पण. आलीच आहेस तर नंबर वाच. मोठ्याने."

वाचला. बाबांनी वहीतला खालचा नंबर खोडून हा लिहिला, दुकानात फोन केला. बरोबर तेल उद्या सकाळी मिळणार होतं. मग स्टुलावर चढून त्यांनी फटीतून फोन आत सरकवला.

"नर्सबाईंना तू सांग."

सांगितलं. दाराचं, तेलाचं, न वाचता लिहिलेल्या नंबराचं. नर्सबाईंनी एकच विचारलं.

"आणि माझ्या संध्याकाळच्या तीन पट्ट्या?"

मी फटीतून खाली बघितलं. बाबांनी आपल्या स्कूटरची किल्ली वर धरून दाखवली.

"बाबा तुम्हाला तिन्ही घरी नेतील. पिशव्या मी काढून देते."

"बरं. हातमोज्यांचं खोकं आठवणीने दे."

"ते... अर्धं उरलंय."

"का? तू आहेस तरी कुठे?"

"तुमच्या गाडीत."

"म्हणजे गाडी चालू झाली?"

"नाही हो," मी म्हणाले. "टांगलीय. माझ्यासकट."