तात्याराव खाकरले

बोरीच्या बजरंगने आईसाठी सेलूहून चाकाची खुर्ची आणली, तेव्हा अर्धी गल्ली बघायला लोटली होती. कस्तुराबाईंना लकवा मारून डावी बाजू गेली होती. दिवाळीपासून त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. बजरंगने ओसरीला सिमेंटचा उतार करून घेतला, संडासात धरायला लोखंडी दांडी बसवली. अंग पुसायला, उठवायला-बसवायला शेजारच्या सरजाबाईला लावून दिलं. लेक असावा तर असा, असं लोक म्हणाले आणि ते काही खोटं नव्हतं.

खुर्ची अंगणातल्या लिंबाखाली लागली. कस्तुराबाई उजव्या हाताने सुपातली तूर निवडू लागल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारू लागल्या. सुनेला, ज्ञानेश्वरीला म्हणाल्या, "माय, मला वाटलं व्हतं, आता ऊन दिसायचंच न्हाई."

आणि मग तात्याराव आले. ते कस्तुराबाईंचे थोरले दीर, ज्ञानेश्वरीचे मोठे मामा. फाटकाशी आले की खाकरायचे. त्यासरशी बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजेवर, खुर्चीवर असतील तर खाली उतरायचं, ही त्या घरची रीत. खाकरणं ऐकताच सरजाबाईने आणि ज्ञानेश्वरीने त्या आजारी बाईला दोन्हीकडून धरून भुईवर उतरवलं. तात्यारावांनी चहा घेतला, "बरं हाय ना आता?" असं विचारलं आणि ते गेले. मग तिला पुन्हा वर चढवलं. हे दर दोन-चार दिवसांनी होऊ लागलं. वाचकहो, घरातले सगळे देवभोळे, मायाळू, पण यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येईना!

आलं ते एकट्या ज्ञानेश्वरीच्या. ती नवऱ्याला म्हणाली, "डागदरांनी सांगितलंय, पडू देऊ नका. आत्याबाईला बसू द्या म्हणून मोठ्या मामाला एकदा सांगा की."

"काय बी बोलायलीस तू! लय मान हाय त्यांचा. मी कसं सांगू?"

सिमेंटचा उतार बांधणाऱ्या माणसाच्याने एवढं एक वाक्य बोलवेना. मला चीड येते ती याचीच.

एका दुपारी सरजाबाई घरी गेली होती. ज्ञानेश्वरी चुलीपाशी भाकरी थापत होती. फाटकाशी खाकरण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सूप पडल्याचा. ती पिठाच्या हातांनीच धावली. उतरवायला कुणी नव्हतं, म्हणून कस्तुराबाई आपल्या आपण उतरायला गेल्या होत्या. मांडीचं हाड मोडून त्या तुरीत पडल्या होत्या आणि तशातही उजवा हात पदर चाचपडत होता.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन झेपायचं नाही. कस्तुराबाई पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत आल्या. पाठीला जखमा झाल्या. खुर्चीवर घरच्यांनी गोधड्या रचल्या.

तात्याराव विचारपूस करायला आले. खोलीच्या दाराशी सवयीने खाकरले. ज्ञानेश्वरी बाजेच्या कडेला बसून सासूला पेज भरवत होती.

"ऊठ की," बजरंग दबक्या आवाजात म्हणाला.

"न्हाई उठत."

तात्यारावांचा चेहरा उतरला. "पोरी, मी कदी म्हणलो व्हतो का, उतर म्हणून?"

"न्हाई म्हणलात, मोठे मामा. पण बसून ऱ्हा, असंबी कदी म्हणला न्हाईत."

म्हाताऱ्याने चौकट धरली. मग भावजयीकडे बघत अडखळत म्हणाला, "बाई... बसून ऱ्हा."

कस्तुराबाईंना आता बसता येत नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने पदर तोंडावर ओढून घेतला.

ज्ञानेश्वरीने तो पदर हळूच बाजूला केला आणि बसल्या जागेवरून पेजेचा चमचा पुढे धरला.