आत्याच्या मयताला गुंडाळायची चटई

मी एक चटई. जमिनीवर अंथरायची नव्हे, कमरेला गुंडाळायची. आमच्या टोंगात, वावाऊ बेटावर, मला ताओव्हाला म्हणतात. चर्च असो, लग्न असो की कचेरीत अर्ज द्यायचा असो, कमरेला माझ्यासारखी एखादी नसेल तर माणूस उघडाच समजतात. मग अंगात भारीतला सूट का असेना.

माझा जन्म केवड्याच्या जातीच्या एका झाडाच्या पानांतून झाला. आधी काटे काढले, मग उकळलं, मग आठ-दहा दिवस समुद्रात बुडवून ठेवलं, वाळवलं, चिरलं. एवढा छळ झाल्यावर गावातल्या दहा बायकांनी मांडीवर घेऊन मला विणलं. विणताना अख्ख्या बेटाच्या चहाड्या झाल्या. सगळ्यांत लहान होती व्हाइसिमा, तेव्हा सतरा वर्षांची, आणि सगळ्यांत जास्त तीच बोलत होती. आज ती ऐंशीच्या पुढे आहे. बोलणं मात्र कमी झालेलं नाही.

ज्याच्या घरात मी आज आहे, त्या फेलेतीची आई लग्नात मला नेसली. तेव्हा मी लोण्यासारखी मऊ आणि सोनेरी होते. मग बारशी, वाढदिवस, पाद्रीबुवांची भाषणं असं करत करत माझ्या कडा झडल्या, मधे भोकं पडली, रंग जुन्या चहासारखा झाला. तुमच्याकडे अशा वस्तूचं पायपुसणं करत असतील. इथे मला घडी घालून गादीखाली ठेवलं आणि घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणून मिरवलं. माणसं म्हातारी झाल्यावर मात्र त्यांचा भाव असा का वाढत नाही, ते मला विचारू नका.

माझ्या मोलाचं कारण आत्या. आमच्याकडे बहीण भावापेक्षा वरची. भाऊ सहा फुटी असो, बहिणीसमोर मान खाली. आणि भावाच्या पोरांना आत्या म्हणजे तर बोलायचं कामच नाही. आत्या गेली की भावाने आणि त्याच्या पोरांनी घरातली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत फाटकी चटई गुंडाळायची आणि मागच्या दारी चुलीच्या धुरात बसायचं. ध्यान जेवढं वाईट दिसेल, तेवढा आत्याचा मान मोठा.

फेलेतीची बहीण कालोलाइने शेजारच्याच घरात दोन महिने अंथरुणाला खिळली होती. फेलेती रोज संध्याकाळी यायचा आणि दारातच उभा राहायचा, कारण बहिणीच्या खोलीत भावाने शिरायचं नसतं.

"फेलेती, मी गेले की आईचीच चटई बांधायची. उभा राहून तुझ्या तेलेसियाला ती गुंडाळायला लाव," ती आतून म्हणायची. "नवी-बिवी आणलीत तर तिरडीवरून उठून बसेन."

"हो," फेलेती उंबरठ्याकडे बघून म्हणायचा. मी गादीखालून सगळं ऐकायचे. भिंती पातळ आहेत.

तेलेसिया ही फेलेतीची मुलगी. तीन वर्षांची असताना आईबरोबर ऑकलंडला गेली, तिथेच शिकली, आणि आता कपड्यांच्या कॉलेजात होती. दर सुट्टीत यायची. हातात सुई धरायला तिला कालोलाइनेनेच शिकवलं होतं. आत्या आजारी म्हणून या खेपेला ती लवकर आली. बरोबर आत्याचं जुनं शिलाई मशीन चालवायची हौस आणि एक जाड वही होती. वहीत कपड्यांच्या दुनियेतले शब्द अर्थांसकट लिहिलेले.

एका गुरुवारी सकाळी गादी उन्हात टाकायला तिने उचलली आणि मी तिच्या हाती लागले.

"अय्या, पूर्ण हातविणीची!" ती किंचाळली. मग वही उघडून माझी तपासणी सुरू झाली. माझा पोत म्हणे राकट. माझी कड म्हणे कच्ची. अंगाला म्हणे झोल नाही. झोल म्हणजे कापड अंगावर कसं सुटसुटीत पडतं ते. सत्तर वर्षं मी माणसांच्या पोटांभोवती घट्ट बसले, सुटसुटीत पडायला मला कुणी सांगितलंच नव्हतं. अस्तर नाही हा तर मोठाच गुन्हा निघाला.

"आत्याला दाखवायचीच," ती स्वतःशीच म्हणाली. "नाताळात चर्चला हीच नेसेन. बघून खूश होईल बिचारी."

मग माझा उद्धार झाला. झडलेल्या कडा कात्रीने सरळ कापल्या. भोकांना मागून चिकटपट्टीचं कापड इस्त्रीने डकवलं. खाली गुलाबी सॅटिनचं अस्तर, चारी बाजूंनी गुलाबी गोट, म्हणजे तिच्या भाषेत पायपिंग. वर शिंपल्यांची रांग. पूर्वी मी राणीसारखी फाटकी होते, आता वाढदिवसाच्या केकसारखी दिसू लागले. पोरगी मन लावून काम करत होती, ओठात टाचण्या धरून गुणगुणत होती. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

दुपारी तिने शेवटचा दोरा तोडला आणि शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला. कालोलाइने गेली होती.

फेलेती धावत आला तो थेट गादीकडे. गादी अंगणात, आणि मी खुर्चीवर गुलाबी होऊन बसलेली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"बाबा, आत्याला दाखवायची होती," तेलेसिया रडत म्हणाली. "वाईट झालीय का?"

"छान झालीय," तो म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

मग त्याने खाली बसून तिला सगळं सांगितलं. फाटकी का हवी, त्याच्या बहिणीने काय मागितलं होतं, आणि आपण काय कबूल केलं होतं. ऐकता ऐकता तेलेसियाचा चेहरा पांढरा पडला.

"शेजारून दुसरी मागू या?"

"तिने ही मागितलीय. मी आयुष्यात तिला नाही म्हटलेलं नाही. आजपासून सुरू करू?"

तेलेसियाने टाके काढायची उसवणी हातात घेतली. शिलाई निघाली, गोट निघाला, शिंपले निघाले. डकवलेलं कापड काही निघेना. ते तिने ओढलं, तशी माझी पानंही त्याच्याबरोबर सोलून निघाली. भोकं हाताएवढी झाली. सरळ कापलेल्या कडा तिने बोटांनी विस्कटल्या, तर अर्धी वीणच सुटली. दुखलं. खोटं कशाला बोलू? पण ती ज्या हाताने ओढत होती, त्याच हाताने डोळे पुसत होती, म्हणून मी गप्प राहिले.

शेवटी माझी चाळण झाली. काही ठिकाणी गुलाबी दोरे लोंबत राहिले. वहीत अशा कापडालाही एक नाव होतं, डिस्ट्रेस्ड, आणि ऑकलंडच्या दुकानात म्हणे त्याला दुप्पट किंमत पडते.

दफनाच्या दिवशी तेलेसियाने मला छातीपर्यंत गुंडाळलं, काथ्याच्या दोरीने आवळलं आणि मागच्या दारी रताळी सोलत बसली. धुराने डोळे लाल, केस विस्कटलेले, अंगभर चिंध्या. येणारे-जाणारे थबकून बघत होते. तेवढ्यात काठी टेकत व्हाइसिमा आली. खाली वाकून तिने मला चाचपलं. स्वतःची वीण तिला ओळखता आली असेल, पण बोलली भलतंच.

"कुत्र्यांनी ओढली की काय गं?"

तेलेसियाने मान खाली घातली. "माझ्या हातून झालं, आजी."

"या गावात आत्यासाठी एवढी फाटकी कुणी नेसलेलं मी पाहिलं नाही," म्हातारी म्हणाली आणि तिच्या शेजारी धुरात बसून रडली. तेलेसियाही मग मोठ्याने रडली. आत्याचा मान राहिला, हे फेलेतीला अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून कळलं. त्याने पहिल्यांदाच मान वर केली.

दहाव्या दिवसानंतर तेलेसिया परत जायला निघाली. मला स्वतःच्या हाताने घडी घालून तिने गादीखाली सारलं.

"नीट ठेव," फेलेती चहा ढवळत म्हणाला. "पुढच्या खेपेला माझ्यासाठी लागेल. बापालाही हीच बांधतात."

 तेलेसिया त्या गादीवर बराच वेळ बसून राहिली.

वस्तूंनी आपली कहाणी सांगितली की शेवटी हात जोडून म्हणायचं असतं, आम्हाला वापरा, आम्हाला विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. फेलेतीचा खोकला मला रात्रंदिवस ऐकू येतो, आणि तो माणूस मला आवडतो. म्हणून मला विसरा. मला गादीखाली कुजू द्या, उंदरांना खाऊ द्या. बाहेर काढायची घाई कुणी करू नका.