टिबुकलीचं पांघरूण

कशेळीची जमीन गोडाऊनवाल्यांना गेली तेव्हा प्रितमने आधी गळ्यात जाड साखळी घातली, मग बुलेट आणली, आणि दोन्हींचा कंटाळा आल्यावर हातभर लांब भिंगाचा कॅमेरा आणला. झालं! गडी रातोरात पक्षीतज्ज्ञ. सकाळी तलावाच्या कडेने फिरायला येणारी माणसं त्याला अदबीने वाट द्यायची, आणि मागून त्याची बायको विनिता पाण्याची बाटली घेऊन चालायची.

खरी नजर होती ती विनिताची. पण सांगता कोणाला? ती आपल्या साध्या मोबाईलवर पाखरांचे फोटो काढायची आणि प्रितम चारचौघांत म्हणायचा, "आमची म्याडम कचऱ्याचे फोटो काढते, बरं का!" लोक हसायचे. हसणाऱ्याचं काय जातंय!

आता दिसायला तो कचराच होता म्हणा. घाटाच्या पायऱ्यांपलीकडे, गुडघाभर पाण्यात, शेवाळाचा आणि कुजक्या पानांचा एक ढीग तरंगत होता. पण विनिताने त्यावर टिबुकली बसलेली पाहिली होती. टिबुकली म्हणजे ओंजळीत मावेल एवढं पाणपाखरू, जरा चाहूल लागली की बुडी मारणारं. बुडी मारण्याआधी ही बया चोचीने ओलं शेवाळ ओढून अंड्यांवर पांघरूण घालायची. कावळ्याला वरून नुसती घाण दिसावी! विनिताला तिचं कौतुक कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. पिल्लं आईच्या पाठीवर बसून तळं फिरतात म्हणे. ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून ती कोणाला बोलली नाही.

आणि मग बोलली. तेही कोणाजवळ, तर नवऱ्याजवळ! त्या दिवशी प्रितमने स्वतः चहा करून तिच्या हातात कप दिला. "विनू, तुझी नजर लय भारी हाय गो. मला तर काय दिसतच न्हाय," म्हणाला. गावच्या मंडळाच्या फोटो स्पर्धेची मुदत जवळ आलीय, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. कौतुकाचा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला आणि बाई विरघळली. "लांबनंच बघायचं हां," एवढी अट घालून तिने ढीग दाखवला.

टिबुकलीने प्रितमला पाहिलं, शेवाळ ओढलं आणि ती बुडाली.

"अंडी कुठं हायत?" त्याने विचारलं.

"खाली. झाकली तिनं."

"मग मी काय शेवाळाचा फोटो काढू?"

विनिता "अवो, नको, नको" म्हणेपर्यंत गडी पँट वर सारून पाण्यात. त्याने दोन बोटांनी पांघरूण बाजूला केलं. मळकट पांढरी अंडी उन्हात उघडी पडली. परत येऊन तो पायरीवर बसला. विनिता झाकायला धावली, तर त्याने तिचं मनगट धरलं. "थांब! फोटोत येशील."

कावळा आला. मग दुसरा आला. टिबुकली वर यायची, किंचाळायची, पंख आपटायची, पण त्या दांडग्यांपुढे तिचं काय चालणार? कॅमेरा खटाखट वाजत होता. शेवटचं अंडं घेऊन कावळा उडाला तेव्हा कुठे प्रितमने मनगट सोडलं. "आयला, काय शॉट भेटला!"

त्याच फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. शाल, श्रीफळ, हार. माइक हातात आल्यावर प्रितमने बायकोला स्टेजवर बोलावलं. "घरटं हिनं दाखवलं! अर्धं बक्षीस हिचं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी तो कावळ्याचा मोठा केलेला फोटो तिच्या हातात दिला, आणि ती तो धरून हसली. हसली नसती तर घरी काय झालं असतं, ते तिचं तिला माहीत. आत मात्र जीव नुसता करपत होता.

बुलेटवरून घरी येताना तो म्हणाला, "आता पिल्लांचा पायजे. दुसरं घरटं शोध."

आणि टिबुकलीला तरी अक्कल असावी की नाही? थोड्याच दिवसांत त्या जोडीने त्याच जागी नवा ढीग रचायला घेतला. विनिताला तो लांबूनच दिसला. अजून अंडं नव्हतं. प्रितम मागे कोणाशी तरी गप्पा मारत रेंगाळला होता. ती चपलांसकट पाण्यात शिरली आणि दोन्ही हातांनी तिने ढीग ओरबाडला, फाडला, भिरकावून दिला.

"अगं ए, येडी झालीस का? मुकं पाखरू ते!" पायरीवरून एक म्हातारी ओरडली.

विनिताने तळाचा दगड उचलून टिबुकलीच्या दिशेने फेकला. "जा मेले! मधी जा, खोल पाण्यात जा! हितं नको गं, हितं नको!" तिला रडू आवरेना.

टिबुकली बुडाली. आणि वर आली ती चोचीत शेवाळाची काडी घेऊन, पुन्हा त्याच जागी.

"विनू, काय भेटलं गो?" प्रितमचा आवाज जवळ येत होता.

विनिताने वाकून मोठा दगड उचलला, आणि या वेळी टिबुकलीवर नेम धरून मारला.