मागची सीट

‘खट्’ असा आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. जिला झोपवून आले होते ती लेक, दुकानदाराने पारखायला दिलेल्या, सायकलला लावायच्या लहान मुलांच्या सीटमध्ये बसून पट्टा लावत होती.

सीट दोन होत्या, एक हँडलजवळ पुढे लावायची, एक मागे. पुढची घेतली तर पोर डोळ्यांसमोर राहणार. पण तोल गेला तर मी थेट तिच्यावर. मागची जास्त सुरक्षित, पण तिचं तोंड दिसणार नाही. सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

“नवरा पसंत करतानाही एवढी घुटमळली नव्हतीस,” सासूबाई म्हणाल्या. “मागचीच घे गं.”

मागची बसवली, पुन्हापुन्हा हलवून पाहिली. लेकीला तीत बसवून अंगणात फेरी मारतानाही माझी मान सारखी वळत होती.

“आई,” मागून ती म्हणाली, “मी आवाज न करता रडले, तर तुला कसं कळणार?”