चौदा नंबरची कुंडी

आमच्या कृषी संशोधन केंद्रात पट्टीकाकांचं काम एकच, रोपं मोजायची. खिशात पट्टी, कानावर पेन्सिल. रोज दुपारी काचघरात जायचं, टोमॅटोच्या चाळीस कुंड्यांतल्या रोपांची उंची घ्यायची, पानं मोजायची, वहीत लिहायचं. वीस रोपांना पाणी मिळायचं. उरलेल्या वीस जणांना थेंबसुद्धा द्यायचा नाही, कारण पाण्यावाचून कोण किती दिवस तग धरतं हेच प्रयोग करणाऱ्या मॅडमना बघायचं होतं. त्या वीस जणांपुढे काका अगदी इमानदारीत लिहायचे, ‘पाणी शून्य.’

एकोणीस जणांनी तीन आठवड्यांत माना टाकल्या. चौदा नंबर ढिम्म. उलट अठ्ठेचाळिसाव्या दिवशी त्याला फुलं आली.

मॅडम नाचायच्याच बाकी राहिल्या. “बावीस वर्षं नुसती वाळलेली रोपं बघतेय, काका! आता हे बघा, हे!”

वरच्या साहेबांना फोन गेले. माती प्रयोगशाळेत गेली, तर तिच्यात मीठ निघालं आणि तेलाचा अंश. झालं! हे रोप मुळांतून तेल सोडतं आणि ओल धरून ठेवतं, असा सिद्धांत मॅडमनी चहा थंड व्हायच्या आत मांडूनही टाकला.

“शुक्रवारी उपटू या,” त्या म्हणाल्या. “मुळं चिरून बघायची.”

“उपटायचं?”

“मग काय, लग्न लावायचंय त्याचं?”

काका हसले नाहीत.

बायको गेल्यापासून ते डबा काचघरातच खायचे. कॅन्टीनमध्ये त्यांना बघून लोक हसणं थांबवायचे, सरकून जागा द्यायचे. त्यांना ते सोसवायचं नाही. चौदा नंबरशेजारी एक बादली पालथी पडलेली असायची, म्हणून तिथे बसायला लागले, एवढंच. रोज शेजारी बसलं की बोलणं आलंच. मुलीचा फोन रविवारी यायचा, “बाबा, जेवलात ना?” इथे सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा. चौदा नंबरला कसली घाई नसायची. आज भाजी खारट झाली, हेसुद्धा त्याला सांगता यायचं.

गुरुवारी जेवण झालं. काकांनी डबा विसळला, पाणी कुंडीत ओतलं आणि हात तसाच हवेत राहिला.

विसळलेलं पाणी मोरीत टाकलेलं बायकोला खपायचं नाही. कुंडीतच ओतायचं, असा पस्तीस वर्षांचा धाक. ती गेली, हाताची सवय गेली नाही. आणि पाणी म्हणजे झारीतलं, पाइपातलं. डब्याचं विसळवण काकांनी जन्मात पाणी म्हणून धरलं नव्हतं.

गप्प बसावं तर उद्या सुरी. बोलावं तर मॅडमना कुठल्या तोंडानं सांगायचं?

ते गेले. “मॅडम, ते तेल माझं आहे.”

“काय?”

“मीठपण.”

सगळं ऐकून मॅडम मटकन बसल्या. “रोज?”

“रविवार सोडून.”

“काका, अहो, मी वर कळवून बसलेय हो.” आवाज इतका खाली गेला की ओरडल्या असत्या तर बरं, असं काकांना झालं. मग खिडकीकडे बघत त्या म्हणाल्या, “कामाचं नाही ते आता. टाका.”

“घरी नेऊ?”

“चाचणीतलं रोप फाटकाबाहेर जात नाही. जाळायचं. फॉर्म भरा.”

फॉर्मवर ‘नाशाचे कारण’ असा रकाना होता. काकांनी बराच विचार करून लिहिलं, ‘जेवण.’

कारकुनाने न वाचताच शिक्का मारला. “जाळायची समिती तीन महिन्यांनी बसते. तोवर माल जसा आहे तसा सांभाळायचा. वाळला तर तुमची जबाबदारी, सांगून ठेवतो.”

“म्हणजे पाणी घालायचं?”

“घालायचंच! आणि वहीत लिहायचं.”

तीन महिने. टोमॅटोचं रोप तरी याहून किती जगतं? काका काचघरात आले. बाहेर सगळे घरी निघाले होते, बसचा हॉर्न दोनदा वाजून गेला. जेवणाची वेळ नव्हती, तरी ते बसले.

“समितीचे अध्यक्ष सारखे रजेवर असतात म्हणे,” त्यांनी चौदा नंबरला सांगितलं. “बघू या.”