कॅमेऱ्याची टोपी

शेजाऱ्यांची सायकल चोरीला गेली आणि आमच्या घरात कॅमेरे आले. सायकल त्यांची, चोर कुठला कोण जाणे, आणि डोक्याला ताप माझ्या. लेकीचा फोन आला तो हुकूम घेऊनच: एक तर घराला कॅमेरे लावा, आणि ते तिला तिच्या फोनवर दिसले पाहिजेत, नाहीतर सामान बांधा आणि तिच्याकडे राहायला या. अकराव्या मजल्यावर आमच्यासाठी खोली काढलीय म्हणे, कपाटसुद्धा रिकामं केलंय. पोरगी मायाळू आहे, त्यात वाद नाही. पण एकदा मनात घेतलं की कुणाचं ऐकायची नाही, अगदी बापावर गेलीय.

मला जायचं नव्हतं. वरच्या मजल्यावर माझी शिवणाची खोली आहे. तिथल्या खिडकीच्या उजेडात मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, अजूनही शिवते. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत, त्यातल्या सहा चढले की माझा श्वास पुरत नव्हता. गेले चार महिने मी सहाव्या पायरीवर बसकण मारायची, दम परत आला की उठायची. लेकीला हे कळलं असतं तर तिने मला उचलूनच नेलं असतं. म्हणून कॅमेऱ्यांना मी लगेच हो म्हटलं. फाटकावर लागतील, मागच्या दारावर लागतील, आपल्याला काय त्याचं!

खरेदीला आमचे हे आणि मी दोघं गेलो. ह्यांनी एकतीस वर्षं बस चालवली, त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना ती बस असल्यासारखीच तपासतात. दुकानदाराने घुमटासारखे गोल कॅमेरे दाखवले, लांबट दाखवले, मान वळवणारे दाखवले. ह्यांनी एकेकाच्या समोर, बाजूला, खाली उभं राहून पडद्यावर आपण कुठे दिसतो नि कुठे नाहीसे होतो ते पाहिलं. मला कोपऱ्यात उभं केलं, मग कपाटामागे उभं केलं. दुकानातली माणसं हसायला लागली. शेवटी फाटकासाठी एक आणि मागच्या दारासाठी एक असे दोन ठरले. मी पिशवी उचलली, तर हे म्हणाले, आणखी एक हवा, आणि त्याला आवाज ऐकू येणारा हवा. ह्यांना आता कमी ऐकू येत असेल म्हणून काहीतरी खूळ घेतलं असेल, असं समजून मी तिसऱ्याचेही पैसे मोजले.

दोन दिवसांनी कॅमेरे बसवायला फिटरबाई आल्या. कमरेला हत्यारांचा पट्टा, शिडीवर अशा चढल्या की मला हेवाच वाटला. फाटकावरचा लागला, मागच्या दारावरचा लागला, वायरी पट्टीतून नीट भिंतीच्या कडेने गेल्या. तिसरा हातात घेऊन त्यांनी विचारलं, हा गच्चीवर का? हे म्हणाले, "नाही. आत. जिन्यासमोर."

तिथे कशाला, मी ओरडलेच. फिटरबाईंनीही समजावून सांगितलं, की काका, चोर बाहेरून येतो, जिना बघून काय करायचंय? त्यावर ह्यांचं उत्तर तयार होतं.

"बसला बाहेर दोन आरसे असतात आणि आत एक. आतला नसेल तर मी गाडी डेपोच्या बाहेर काढायचो नाही."

आतल्या आरशाची महती मला सांगायला नको. लग्नाआधी मी शिवणाच्या वर्गाला ह्यांच्याच बसने जायची. हातात कापडाचं बोचकं, तोल जायचा. मी नीट टेकेपर्यंत हा ड्रायव्हर आरशात बघत थांबायचा, मग गाडी सोडायचा. मागचे लोक बोंब मारायचे. पण तेव्हा ते आवडलं म्हणून आता चोवीस तास कुणी माझ्यावर नजर ठेवायची? मी भांड भांड भांडले. माझ्याच घरात मी चोर का, असंही विचारलं. ह्यांनी शिडी धरली आणि फिटरबाईंनी भोक पाडलं.

ठीक आहे म्हटलं. मीही शिंपीण आहे. संध्याकाळच्या आत उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाची त्या कॅमेऱ्याला टोपी शिवली, खाली इलॅस्टिक घातलं आणि स्टुलावर उभी राहून चढवली. अशी फिट बसली, की माप घेऊनसुद्धा कुणाची इतकी बसली नसेल. लेकीचा फोन आला, की फाटक दिसतंय, मागचं दार दिसतंय, पण तिसऱ्यावर नुसती फुलं का दिसतायत? मी म्हटलं, घराची शोभा आहे, बघ हवी तेवढी. मला वाटलं हे टोपी काढतील, पण ह्यांनी तिला हात लावला नाही. मी जिंकले असं धरून चालले.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. हे सकाळी दूध आणायला बाहेर पडले की मी जिना चढायची, सहाव्या पायरीवर बसायची आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालायची. त्या दिवशी मला जरा जास्तच दम लागला. छातीत धडधड, पाय कापसाचे. कठड्याला धरून मी मोठ्याने बोलत होते, "ऊठ गं बये, आठच राहिल्यात. पोरीला कळलं तर गाठोडं बांधून नेईल तुला. ऊठ."

"आई," टोपीतून आवाज आला, "उठू नकोस."

माझा जीव गेला नाही हेच नवल. डोळ्यांवर टोपी घातली होती, कान उघडेच राहिले होते की! आणि त्या कॅमेऱ्याला तोंडही असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फुलाफुलांच्या टोपीतून माझी लेक बोलत होती, आणि तिचा आवाज रडका होता. बाबा येईपर्यंत तिथेच बसून राहा, म्हणाली. मी बसले. चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्या पायरीवर कुणाच्या तरी सोबतीने बसले होते. हे आले, दुधाची पिशवी दारातच टाकली आणि माझ्याखालच्या पायरीवर येऊन बसले.

दोन तासांत लेक घरी हजर. मी म्हटलं, संपलं. मनातल्या मनात खिडकीचा निरोपसुद्धा घेऊन टाकला. तिने मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, हृदयाचं दुखणं आहे पण वेळेवर आलात म्हणाले, गोळ्या दिल्या आणि जिना बंद केला. घरी परतल्यावर मीच विचारलं, बॅग कुठली भरायची? ती माझ्यावर भडकलीच.

"न्यायला नाही आले मी. तुझं मशीन खाली आणायला आलेय. पण परत काही लपवलंस तर बघ."

मला रडूच कोसळलं. रडताना माणूस कुणावर तरी खेकसतं, तशी मी ह्यांच्यावर खेकसले. सगळं तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तो आवाजवाला कॅमेरा! ह्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, की दुपारी तुझं पाऊल सहाव्या पायरीला थांबायचं आणि मशीन फार उशिरा सुरू व्हायचं, ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं. सकाळी हे घरात नसताना कुणीतरी ऐकायला हवं होतं, म्हणून त्या वेळी कान ठेवायला ह्यांनी लेकीला सांगून ठेवलं होतं.

"मग तोंडाने विचारायचंत की मला."

"विचारलं असतं तर तू काही नाही म्हणाली असतीस," हे म्हणाले, "आणि मला ते खरं मानावं लागलं असतं."

मी पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

बापलेकीने मिळून मशीन खाली आणलं. पुढच्या खोलीतलं टेबल हलवून जिन्याजवळच्या खिडकीशी जागा केली. उजेड वरच्याइतका नाही, पण सुईत दोरा ओवता येतो. खुर्ची मात्र ह्यांनी अशी ठेवली की ती जिन्यासमोरच्या कॅमेऱ्यात बरोबर मधोमध यावी. लेक मुक्कामाला थांबली नाही, तिला कामावर जायचं होतं. ती फाटकाबाहेर पडल्यावर मी ह्यांना स्टूल आणायला सांगितलं. माझी चढायची वाट बंद, म्हणून ह्यांनाच चढवलं आणि टोपी काढायला लावली. काच चांगली पुसूनही घेतली.

मग मी मशीनकडे गेले. दोन्ही हातांनी खुर्ची धरली, सावकाश बसले, पाय पॅडलवर टेकवले. हे अजून स्टुलावरच, हातात टोपी, माझ्याकडे बघत थांबले होते.

"बसले हो," मी म्हटलं. "सोडा गाडी."