देवघरातला मोटारीचा बिल्ला

हात जोडू नका. तुम्हीही जोडायला लागलात, तर मी बोलायचं कुणाशी? बाळकृष्णाच्या मागं, डाव्या कोपऱ्यात टेकवून ठेवलेला तो वाटोळा पितळी तुकडा म्हणजे मी. देव नाही हो, मोटारीचा बिल्ला आहे. मला माझ्या खऱ्या नावानं ओळखणारं कुणीतरी भेटावं म्हणून साठेक वर्षं वाट बघितली. खरं सांगतो, दमलो.

जन्म पुण्यातलाच, तांबट आळीतला. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. शहरात यंत्रांचं आणि शेतीच्या अवजारांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. जो पाहुणा स्वतःच्या मोटारीतून येईल, त्याला आठवण म्हणून गाडीवर लावायचा बिल्ला द्यायचा, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. तेव्हा पुण्यात मोटारी त्या किती! त्यामुळे आम्ही भावंडंही थोडकीच. माझ्यावर एक दातेरी चाक, चाकापुढे कणसांची पेंढी घेतलेली बाई, मागे मीन्याचा निळा-हिरवा रंग, आणि खाली कमानीत बारीक अक्षरं: ‘यंत्र व कृषी प्रदर्शन, पुणे’. हे माझं नाव. भारदस्त आहे की नाही?

माझी गाठ पडली हिंजवडीच्या आप्पासाहेबांशी. तेव्हा हिंजवडीत सगळी शेतंच होती. आप्पासाहेब बागायतदार, रुबाबदार आणि भलते थट्टेखोर. एक जुनी विलायती मोटार त्यांनी हौसेनं घेतली होती. प्रदर्शनाला आले ते नव्या नवरीला, बायडाबाईंना, शेजारी पुढच्या सीटवर बसवून. गावात त्याचा बोभाटा झाला, पण ऐकतील ते आप्पासाहेब कसले! निघताना त्यांनी स्वतःच्या हातानं मला गाडीच्या पुढच्या जाळीवर स्क्रूनं घट्ट बसवलं.

“अवो, कोन ही बाई?” बायडाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

“वळखलं न्हाईस? तूच की! खाली नाव बी लिव्हलंय तुजं, बायडाबाई म्हनून.”

ती बिचारी लाजून पदर चावायला लागली. तिला अक्षरओळख नव्हती. मी जाळीवरून कंठशोष करत होतो, ‘अहो, काहीतरीच काय सांगता?’ पण बिल्ल्याचं कोण ऐकतंय!

तिथून माझे हाल सुरू झाले. दसऱ्याला मोटार धुवायची, झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू लावायचं. गाडी गडीमाणसं धुवायची. मला मात्र बायडाबाईंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चिंच आणि राख घेऊन बसायच्या आणि घासघासून घासायच्या. पितळ लखलखायचं, पण मीन्याचं काय? आधी निळा गेला, मग हिरवा. मग अक्षरं गेली, आणि शेवटी त्या पितळी बाईचं नाकही सपाट झालं. वर कपाळावर ठसठशीत कुंकू. माया कळते हो मला, पण हात जरा हलका ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

मग एके वर्षी आप्पासाहेब अचानक गेले. मोटार गोठ्याशेजारी उभी राहिली, सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. बायडाबाईंचं कपाळ मोकळं झालं. मला वाटलं, आता आपलीही सुटका. पण दसऱ्याला त्या आल्याच. चिंच, राख आणि कुंकू. त्या दिवशी मात्र मी कुरकुर केली नाही.

पुढे मुलानं, हिंदुरावानं, गाडी भंगारात काढली. तेव्हा सून विजयमाला धावत आली. “थांबा! गाडीवरची देवी आधी काढून घ्या. देवीला भंगारात देतात का?” तिची तरी काय चूक? लग्न होऊन आल्यापासून सासू मला कुंकू लावताना तिनं बघितली होती. बायडाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला घ्यायला पदर पुढे केला. आणि अशी माझी स्थापना झाली.

तेव्हापासून रोज अंघोळ, गंध आणि उदबत्तीचा धूर. बाहेर शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, कंपन्यांच्या बसगाड्या आल्या. नात शालूला त्यातल्याच एका कंपनीत नोकरी लागली, तर ती म्हणे माझ्या कृपेनं! मी काय केलं होतं? बसलो होतो.

गेल्या नवरात्रात शालूनं देवघराचा फोटो मोबाइलवर टाकला. तो या फोनवरून त्या फोनवर फिरत नारायण पेठेतल्या गोपाळकृष्णांपर्यंत पोचला. जुन्या प्रदर्शनांत मिळालेले मोटारीचे बिल्ले, किल्ल्या अडकवायच्या साखळ्या, गाडीच्या काचेवर लावायच्या चकत्या जमवण्यात या गृहस्थांचा जन्म गेलेला. एखाद्या बिल्ल्याचं साल कुणी चुकीचं सांगितलं, तर भर लग्नात भांडणारा माणूस. आमच्या प्रदर्शनाचा बिल्ला तेवढा त्यांना कधी मिळाला नव्हता.

ते भर दुपारी ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन आले.

“आधी देवीला नमस्कार करा,” विजयमाला म्हणाली.

“देवी कसली? अहो, हा मोटारीचा बिल्ला आहे. आयुष्यभर शोधतोय मी याला.”

अहाहा! माझ्या अंगावरचं कुंकू शहारलं.

“अगंबाई! मग इतकी वर्षं मी नैवेद्य दाखवला तो कुणाला?”

“ते मला कसं ठाऊक असणार?” गोपाळकृष्ण म्हणाले आणि त्यांनी मखमलीची डबी उघडली. विजयमाला ओशाळून म्हणाली, “न्या मग.” मी मनातल्या मनात सगळ्या देवांचा निरोपसुद्धा घेतला.

“थांबा वाईच.” काठी टेकत बायडाबाई आल्या. “मी कुटं देवी म्हनलं? बिल्ला हाय ह्यो, मला ठावं हाय. न्या तुमी, माज्यामागं ह्याला कोन इचारतंय? पर तुमी शिकल्यालं मानूस. जाताना तेवडं वाचून दावा. खाली बायडाबाई असं माजं नाव हाय, मालक म्हनले हुते.”

“अहो आत्याबाई, मग एवढ्या वर्षांत कुणाला विचारलं का नाही?” विजयमालानं विचारलं.

“आन खोटं निघालं असतं म्हंजी?”

गोपाळकृष्णांनी भिंग काढलं. अक्षरं कसली, नुसते खळगे उरले होते. पण तिथं काय होतं हे जगात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? वाचा, मी म्हटलं. एकदाच मोठ्यानं वाचा हो! माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हातारीकडे बघितलं. आणि खळग्यांखाली बोट ठेवून सावकाश वाचलं, “बा, य, डा, बा, ई. स्वच्छ लिहिलंय की.”

बायडाबाई बोळकं उघडून हसल्या. “बगा! खोटं न्हवते बोलत ते.” आणि मग पदरानं डोळे पुसत राहिल्या.

गोपाळकृष्णांनी मला उचललं, बाळकृष्णाच्या मागं होतो तसं टेकवलं आणि रिकामी डबी मिटली.

“अहो, नेताय ना?” विजयमाला गोंधळली.

“दुसऱ्याच्या नावाची वस्तू मी घेत नसतो,” ते तुटकपणे म्हणाले. चहासुद्धा न घेता गेले.

मला राग यायला हवा होता. माझं नाव जाणणारा एकुलता एक माणूस आला आणि दुसऱ्याचंच नाव वाचून गेला. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आता पुन्हा दसरा आलाय. बायडाबाईंच्या हातांत चिंच घासायला पूर्वीसारखा जोर राहिलेला नाही. तुम्ही कधी या घरी आलात तर एवढं करा. हात जोडू नका, आणि त्यांच्यासमोर ते प्रदर्शनाचं नावही काढू नका. माझं नाव काय म्हणून कुणी विचारलंच, तर बायडाबाई सांगा.